झाकणावरची अक्षरे

सोमवार, ४ मार्च

प्रिय आजोबा,

तुमचं पत्र आणि त्यासोबतची माझ्या चुकांची यादी मिळाली. सहा चुका! ‘आशीर्वाद’मधला ‘शी’ दीर्घ असतो, हे मी आता विसरायचं म्हटलं तरी विसरणार नाही.

आता कामाचं. माझ्या सायकलचा पुढचा ब्रेक बिघडलाय. आधी लिव्हर दाबली की हाताला घट्ट लागायची, आता लोण्यात बोट घातल्यासारखी आत जाते ती थेट मुठीला टेकते. दोन-तीनदा भराभर दाबली की मग कुठे पकडते. माझं काम तुम्हाला माहीत आहे. टेकडीवरच्या दवाखान्यांतून रक्ताच्या नळ्या गोळा करायच्या आणि पायथ्याच्या प्रयोगशाळेत पोचवायच्या. मध्ये तो लांब उतार, आणि उतार संपतो तिथेच ट्रक वळतात. काल मी तिथे थांबले, पण जिथे थांबायचं ठरवलं होतं तिथे नाही. सायकलभर पुढे.

इथला दुकानदार म्हणतो, आठ दिवस सायकल ठेवून जा. आठ दिवस सायकल ठेवली तर साहेब माझ्या जागी दुसरं कुणीतरी ठेवतील. हे ब्रेक तारेचे नाहीत, तेलाचे आहेत. नळीत हवा शिरली असणार, आणि ती घरच्या घरी काढता येते म्हणे. कशी काढायची ते सांगा ना. नाहीतर समोरच्या छर्राकाकांना विचारता का? त्यांच्याकडे अशाच सायकली येतात. का अजून बोलतच नाही तुम्ही दोघं?

फोन केला असता, पण फोनवर तुम्ही नुसतं ‘बरं, बरं’ म्हणता आणि ऐकलेलं काहीच नसतं.

तुमची नात


शनिवार, ९ मार्च

चिरंजीव नातीस आजोबांचे आशीर्वाद.

तुझे पत्र काल दुपारी हाती आले. दोनदा वाचले. या वेळी चुका तीनच आहेत. यादी सोबत जोडली आहे. प्रगती आहे.

फोनविषयी तू लिहिलेस ते खरे आहे व त्यात लाजण्यासारखे काही नाही. माझे कान थकले आहेत, डोळे व हात थकलेले नाहीत. शिवाय बोललेले शब्द हवेत विरतात. लिहिलेले राहते, आणि त्याची जबाबदारीही लिहिणाऱ्यावर राहते. मी चौथीपर्यंतच शिकलो, परंतु जे शिकलो ते पक्के शिकलो.

आता ब्रेकसंबंधी. पन्नास वर्षे मी ब्रेक हाताळले आहेत. माझ्या दुकानाच्या भिंतीला लागून ट्रकचे गॅरेज होते, हे तुला आठवत असेल. तेथील ब्रेक तेलाचेच असत. त्यांतील हवा काढण्याची रीत अशी. प्रथम चाक काढून दूर ठेवावे. ब्रेकचे पॅड काढून कागदात गुंडाळावेत. तेलाचा एक थेंब लागला तरी तो पॅड कामातून गेला असे समजावे. मग एकाने ब्रेक दाबून धरावा व दुसऱ्याने खालचा लहान नट पाव फेरा सैल करावा. बुडबुड्यांसह तेल बाहेर येईल. नट आवळावा, मगच ब्रेक सोडावा. हा क्रम उलटला तर बाहेरची हवा आत ओढली जाते. वरच्या टाकीतील तेल सरू देऊ नये. बुडबुडे थांबेपर्यंत हेच करीत राहावे. तेल मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळते. ‘ब्रेक ऑइल’ म्हणून मागावे. डबी सीलबंद असावी.

समोरच्या दुकानदाराविषयी विचारलेस. तो माझ्याकडे अकरा वर्षे होता. छर्रा हे नाव त्याला मीच दिले, कारण चाकातील छर्ऱ्याप्रमाणे तो एका जागी ठरत नसे. बारा वर्षांपूर्वी तो तेलाच्या ब्रेकची एक सायकल घेऊन आला व म्हणाला, ‘वस्ताद, हे शिकून घेऊ.’ मी गिऱ्हाइकांसमोर त्याला सांगितले की, ज्या ब्रेकमध्ये तार दिसत नाही तो या दुकानाची पायरी चढणार नाही. त्याने अंगावरचे एप्रन काढले, घडी घालून गल्ल्यावर ठेवले व तो गेला. आज माझ्या दुकानाला कुलूप आहे व त्याचे दुकान समोर चालू आहे. त्याला काही विचारण्याचे कारण मला दिसत नाही. मला जे येते ते पुरेसे आहे.

काम होईपर्यंत उतारावर मागील ब्रेक आधी धरावा. काम झाल्यावर सविस्तर लिहावे.

तुझे आजोबा


मंगळवार, १२ मार्च

प्रिय आजोबा,

पत्र मिळाल्या मिळाल्या तेलाची डबी आणली. ब्रेक दाबून धरायला घरमालकीणबाई तयार झाल्यात. म्हणाल्या, ‘दाबते की! पण माझ्या गॅलरीच्या फरशीवर एक जरी डाग दिसला, तर तू आणि तुझी सायकल, दोघी रस्त्यावर.’ म्हणून जुनी वर्तमानपत्रं जमवतेय.

एकच शंका. लिव्हरवरच्या टाकीला छोटं झाकण आहे. त्यावर इंग्रजीत बारीक अक्षरं कोरलीयत, ‘फक्त मिनरल ऑइल’ अशी. माझ्या डबीवर तसं काही नाही. नुसतं ब्रेक फ्लुइड लिहिलंय आणि पुढे एक आकडा. मोटारीच्या दुकानदाराला विचारलं, तर तो म्हणाला, ‘मॅडम, तेल ते तेल.’ तुम्ही गॅरेजमध्ये इतकी वर्षं पाहिलंय, तुम्हाला माहीत असेलच.

रविवारी सकाळी करायचं ठरवलंय. काही वेगळं असेल तर त्याआधी कळवा, चिठ्ठी टाका, कुणाकडून फोन करवा. काही आलं नाही तर तुम्ही सांगितलंय तेच बरोबर, असं समजते.

छर्राकाकांची गोष्ट वाचली. एप्रनची घडी घातली, हे तुम्हाला बारा वर्षांनी बरं लक्षात आहे!

तुमची नात


रविवार, १७ मार्च, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटे

चिरंजीव नातीस,

हे पत्र मी छर्राच्या दुकानात, त्याच्या स्टुलावर बसून, त्याच्या बिलाच्या कोऱ्या पाठीवर लिहीत आहे.

आधी मुद्दा. ते तेल भरू नकोस. भरले असल्यास सायकलवर बसू नकोस. ट्रकचे तेल निराळे व तुझ्या ब्रेकचे तेल निराळे. झाकणावरची अक्षरे बरोबर आहेत व मी चूक आहे.

छर्रा तुला फोन लावीत आहे. तू उचलीत नाहीस.

तोपर्यंत काय घडले ते लिहितो. मी आत आलो तेव्हा तो ‘या वस्ताद’ म्हणाला, जणू काही मी काल संध्याकाळीच येथून गेलो होतो. मी म्हणालो, ‘एका ओळखीच्या गृहस्थांच्या ब्रेकविषयी विचारावयाचे आहे.’

तो म्हणाला, ‘हे गृहस्थ टेकडीवरून रक्ताच्या नळ्या आणतात का? अख्ख्या रस्त्याला सांगून झालंय तुमचं पोरीचं कौतुक. मलाच काय ते सांगायचं राहिलंय.’

मी तुझे पत्र त्याच्या हाती दिले. वाचता वाचता त्याने पाना खाली ठेवला. ‘तेल कोणतं सांगितलंत?’ असे विचारले. मी सांगितले. मग तो माझ्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाला, ‘वस्ताद, त्या तेलानं आतली रबरं फुगतात. पहिल्या दिवशी ब्रेक झकास लागतो, माणूस खूश होतो. मग पिस्टन अडकतो, नाहीतर तेल गळतं. कधी, ते देवाला ठाऊक.’ दुकानात दोन गिऱ्हाइके होती. त्यांनी ऐकले. ऐकू देत.

पाचव्यांदा लावला. घंटी वाजते, असे तो म्हणतो.

हे पत्र तुला बुधवारी मिळेल. आज रविवार आहे, हे मला कळते. तरी लिहितो. बसून दुसरे काय करू?

घरमालकीणबाईंचा नंबर मजजवळ नाही. तो घेऊन ठेवावयास हवा होता.

सातव्यांदा.

त्याने गिऱ्हाइकांना उद्या या म्हणून सांगितले व शटर अर्धे खाली ओढले.

तो घाम पुसतो आहे. मी त्याला अकरा वर्षांत कधी घाम पुसताना पाहिले नाही. तो पुसायचाच नाही, मी ओरडत असे.

नववा.

उचललास. तो बोलतो आहे. मला ऐकू येत नाही. त्याच्या तोंडाकडे पाहत

(खाली, दुसऱ्या अक्षरात)

पोरी, पुढचं मी लिहितो आणि पत्रही मीच पेटीत टाकतो. तू सायकलवरून उतरलीस, हे त्यांना तीनदा ओरडून सांगितलं. मान हलवतात, पण पटलेलं दिसत नाही. तू लिहून कळव. लिहिलेलंच खरं मानतात, तुला माहीत आहे.
छर्राकाका


सोमवार, १८ मार्च

प्रिय आजोबा,

लिहून देते. मी धडधाकट आहे. एक ओरखडाही नाही. खाली सही केली आहे.

आता सगळं सांगते. तेल मी शनिवारीच भरलं. घरमालकीणबाई रविवारी बहिणीकडे जाणार होत्या, म्हणून एक दिवस आधी. तुम्ही सांगितल्याप्रमाणे केलं. त्यांनी दाबायचं, मी नट सोडायचा. त्या प्रत्येक वेळी ‘दाबलं गं बाई!’ असं ओरडत होत्या, खालच्या मजल्यावरचे लोक वर बघायला आले. लिव्हर दगडासारखी घट्ट झाली. मी अंगणात दोन चकरा मारल्या आणि मनात म्हटलं, शाबास आजोबा!

रविवारी कामाची पाळी सकाळची लागली. पेटीत चौदा नळ्या होत्या. उताराच्या तोंडाशी पेटीचा पट्टा आवळायला पाय टेकून थांबले, तेव्हा पिशवीत फोन वाजताना ऐकू आला. तुमच्या गावच्या कोडच्या कुठल्यातरी नंबरावरून सात फोन येऊन गेले होते. आजोबा, मला वाटलं, तुम्ही गेलात. म्हणून आठवा फोन मी हातात धरून नुसता वाजताना बघितला. उचलायचा धीर झाला नाही. नववा उचलला.

छर्राकाका म्हणाले, ‘कुठे आहेस?’

‘उताराच्या तोंडाशी. काका, आजोबा...’

‘सायकलवर आहेस का खाली?’

‘वर.’

‘आधी खाली उतर. मग काय विचारायचं ते विचार.’

आणि मागून तुमचा आवाज आला. ‘चूक माझी आहे! तिला सांग, चूक माझी आहे!’ तुम्हाला इतक्या मोठ्यानं बोलताना मी जन्मात ऐकलेलं नाही. तो आवाज ऐकला आणि मी रस्त्याच्या कडेला बसून आधी रडले. तुम्ही जिवंत होता म्हणून. ब्रेकबिकचं काही डोक्यातच शिरलं नव्हतं.

सायकल हातात धरून उतार चालत उतरले. चाळीस मिनिटं उशीर झाला. साहेबांनी झाडलं, पण नळ्या शाबूत होत्या. आज सकाळी अंगणात लिव्हर दाबून बघितली. आत गेली ती परत आलीच नाही. चाक जागच्या जागी अडकलं. उतारावर असं झालं असतं, तर त्यापुढचं मी लिहीत नाही.

तुम्हाला एक सांगायचं राहिलंय. झाकणाची शंका माझ्या मनातून गेली नव्हती. शनिवारी डबी उघडताना हात थांबला होता. पण तुमच्याकडून काही आलं नव्हतं. म्हटलं, आजोबा एक सांगतायत आणि झाकण एक सांगतंय, तर आजोबांचंच खरं असणार. माझं पत्र तुम्हाला उशिराच मिळालं ना? टपालाला उशीर झाला असणार.

आईला यातलं काही कळवू नका.

तुमची नात
(सही)


शुक्रवार, २२ मार्च

चिरंजीव नातीस आजोबांचे आशीर्वाद.

तुझे पत्र काल मिळाले. सही पाहिली. ती तुझीच आहे याची खात्री करून घेतली व मग पत्र वाचले.

टपालाला दोष देऊ नकोस. तुझे बारा तारखेचे पत्र मला शुक्रवारी, पंधरा तारखेस, दुपारी एक वाजता मिळाले. माझ्या दारापासून छर्राच्या दुकानाची पायरी बारा पावले आहे. ती बारा पावले चालण्यास मला रविवार उजाडला.

शुक्रवारी मी शब्दकोश काढला. त्यात ‘मिनरल’ नव्हते. मग स्वतःस समजावले की, तेल ते तेल. तुझ्या मोटारीच्या दुकानदाराने जे म्हटले तेच मी म्हटले, आणि तो तर माल विकणारा माणूस! शनिवारी दोन वेळा पायांत चप्पल घातली व दोन वेळा काढून ठेवली. तू गॅलरीत ते तेल भरीत होतीस तेव्हा मी दारात उभा राहून समोरचे दुकान पाहत होतो. छर्राने एकदा हात उंचावला. मी खाकरलो व आत आलो.

आणखी एक. ‘पन्नास वर्षे मी ब्रेक हाताळले आहेत,’ असे मी तुला लिहिले. ते खरे आहे. परंतु त्यांतील एकही ब्रेक तेलाचा नव्हता. गॅरेजमधील काम मी भिंतीवरून पाहिले होते. हे वाक्य मी अशा रीतीने रचले की खोटेही ठरू नये व तुला कळूही नये. अशी वाक्ये रचण्यासाठी मास्तरांनी मला लिहावयास शिकविले नव्हते. मला क्षमा करावी, असे लिहिण्याचाही संकोच वाटतो, कारण तू लगेच करशील.

आता पुढचे. छर्रा म्हणाला की, त्या तेलाने भिजलेली लिव्हर व चाकाजवळचा, पॅड धरणारा खालचा जबडा दोन्ही बाद झाले, धुऊन उपयोग नाही. नवा संच बसवावा लागेल. मी म्हणालो, ‘तो मी भरणार.’ तो म्हणाला, ‘तुम्ही?’ मी म्हणालो, ‘शिकव.’

त्याने आतून एक एप्रन आणून दिले. ते त्याचेच जुने असावे असे मला क्षणभर वाटले, परंतु ते माझ्या गल्ल्यात अद्याप घडी घातलेले आहे. हे नवे होते.

सोमवारपासून रोज सकाळी मी त्याच्या स्टुलावर बसतो. रीत अशी आहे. लिव्हर आडवी सपाट धरून तिच्या तोंडावर तेलाचा लहान पेला बसवावयाचा. खालच्या जबड्यात पॅडच्या जागी एक ठोकळा घालावयाचा व तेथील तोटीला नळीची पिचकारी जोडावयाची. मग खालून तेल वर ढकलावयाचे, अगदी सावकाश. हवा स्वभावाने वरच जाते, तिला फक्त वाट द्यावयाची. पेल्यात बुडबुडे येतात, मोहरीएवढे, मग खसखशीएवढे. नळीवर बोटाने टिचक्या माराव्यात, म्हणजे दडून बसलेले सुटतात. जन्मभर मी सायकलींत हवा भरली. ती बाहेर काढण्याचे काम या वयात प्रथमच करीत आहे.

पहिल्या दिवशी मी पिचकारी जोरात दाबली. तेल छर्राच्या शर्टावर उडाले. तो म्हणाला, ‘वस्ताद, पंप नाही तो! या चुकीला तुम्ही मला काय म्हणायचात, सांगू का?’ मी म्हणालो, ‘मला आठवते.’ तो म्हणाला, ‘मग राहू दे.’ सलग तीन वेळा माझे काम बिघडले. चौथ्या वेळी जमले. त्याने लिव्हर दाबली, पुन्हा दाबली व पुढच्या सायकलकडे वळला. चांगल्या कामावर बोलावयाचे नसते, हे त्याला मीच शिकविले होते. ते किती लागते, हे मला माहीत नव्हते.

सोबतच्या पार्सलमध्ये नवा संच आहे. नळीसह, तेल भरून, तयार. फक्त हँडलवर व पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्यावर स्क्रूने बसवावयाचा. तो मी भरला आहे. छर्राने तो एक रात्र लिव्हर बांधून ठेवून सकाळी पुन्हा तपासला. चिठ्ठीवर त्याची सही वर आहे व माझी खाली आहे. क्रम मुद्दाम तसा ठेवला आहे.

बसविण्यापूर्वी झाकण वाच. त्यानंतर हे पत्र वाच. दोहोंत फरक आढळला तर झाकणाचे ऐक.

तुझ्या आईस मी काही लिहिलेले नाही. परंतु तिने विचारले तर खोटे सांगणार नाही.

तुझे आजोबा


शुक्रवार, २९ मार्च

प्रिय आजोबा,

आधी झाकण वाचलं. मग पत्र वाचलं. दोन्हीकडे एकच लिहिलंय.

संच बुधवारी बसवला. फरशीवर थेंब नाही. घरमालकीणबाई गुडघ्यावर बसून शोधत होत्या, शेवटी जरा नाराजच झाल्या.

काल सकाळी उताराच्या तोंडाशी उभी राहिले. पेटीत अकरा नळ्या. चार वेळा लिव्हर दाबून बघितली. खरं सांगू? पाय उचलेना. मग तुमची दोन्ही सह्यांची चिठ्ठी खिशातून काढून पुन्हा वाचली आणि निघाले. अर्ध्या उतारावर मुद्दाम एकदा थांबून बघितलं. पायथ्याशी ट्रक वळत होता. एका बोटानं ब्रेक धरला. पांढऱ्या पट्टीवर थांबायचं होतं, तिच्या सायकलभर अलीकडेच थांबले. ट्रकवाल्यानं जा म्हणून हात केला. मी म्हटलं, तुम्ही जा.

क्षमा लगेच करेन असं तुम्ही लिहिलंय. लगेच नाही केली. ‘दारात उभा राहून समोरचे दुकान पाहत होतो’, हे वाचून दोन दिवस राग होता. उतार उतरले तेव्हा गेला.

आता मागचा ब्रेकही थोडा मऊ लागायला लागलाय. हवा शिरली असेल की पॅड झिजले असतील? काय करू, सांगा.

तुमची नात


मंगळवार, २ एप्रिल

चिरंजीव नातीस आजोबांचे आशीर्वाद.

तुझे पत्र आज अकरा वाजता मिळाले. दोन दिवस राग ठेवलास हे योग्य केलेस. मला तीन दिवसांची अपेक्षा होती.

तुझ्या पत्रात चुका चार आहेत. यादी या वेळी जोडलेली नाही. त्याऐवजी एक विनंती आहे. माझ्या पत्रात काही चुकीचे आढळले, तर शब्द कसा लिहिला ते सोड, सांगितलेलेच चुकीचे वाटले, तर माझ्या उत्तराची वाट न पाहता छर्राच्या नंबरावर फोन करावा. तो ओरडून मला सांगेल. त्याला ते आवडते.

मागील ब्रेकविषयी विचारलेस. हवा असावी असे मला वाटते, परंतु खात्री नाही. थांब. समोर विचारून येतो, मग पुढे लिहितो.

विचारून आलो. जाण्यायेण्यास पंधरा मिनिटे लागली, त्यांतील चौदा त्याच्या चहाची. तो म्हणतो, आधी पॅड पाहा.

तुझे आजोबा